जुन्या मैत्रिणीला काय सांगावं, काय पोटात ठेवावं

मी देवगड तालुक्यात आरोग्यसेविका होते. एका उपकेंद्राखाली सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्या असं सरकारी गणित आहे. आमच्या वाड्या एकमेकींपासून लांब, त्यामुळे आकडा काहीही असला तरी पायपीट ठरलेली. लसीकरण, गरोदर बायांची नोंद, तांबी, गोळ्या ही कामं चालायची, आणि पडवीत जरा टेकलं की बायका जे बोलायच्या ते रजिस्टरमध्ये लिहायचं नसायचं. लोकांना वाटतं की ते बोलणं नवऱ्याबद्दल किंवा सासूबद्दल असेल. ते असायचंच. पण मैत्रिणीबद्दलचं दुखणंही पुष्कळ असायचं. शाळेपासूनची मैत्रीण, दोघींनी एका विहिरीवर पाणी भरलेलं, एकीच्या बाळंतपणात दुसरी रात्रभर जागलेली, आणि आता बोलणं बंद. कारण विचारलं की बहुतेक वेळा दोहोंपैकी एक असायचं: तिने मला सांगितलं नाही, किंवा माझं तिने दुसरीला सांगितलं.

माझ्या दोन मैत्रिणी आहेत, पहिलीपासून एका वर्गातल्या. एक बंदरावर राहते, घरची होडी आहे. दुसरी वरच्या वाडीत, तिची हापूसची कलमं आहेत. इथे मी त्यांना बंदरावरची आणि वरच्या वाडीतली असंच म्हणेन. दोघींना विचारून लिहिते आहे, आणि त्यांनी जे नको म्हटलं ते यात घेतलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मैत्रिणीला हेवा वाटेल या भीतीने लपवलेली गोष्ट त्या हेव्यापेक्षा जास्त नुकसान करते. हेवा चार दिवसांत किंवा चार महिन्यांत उतरतो. ‘हिने मला परकी धरलं’ हे मात्र वर्षानुवर्षं आत बसून राहतं.

हेवा कुठे होणार हे आधी ओळखा

हेवा सरसकट प्रत्येक गोष्टीचा होत नाही. बंदरावरचीच्या होडीला नवं इंजिन बसलं तेव्हा मी मनापासून पेढे खाल्ले. मासेमारीतलं मला काही कळत नाही आणि काही नकोही. पण तिची मुलगी स्टाफ नर्सच्या भरतीत लागली आणि माझी थोडक्यात राहिली, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. माझा जन्म त्याच खात्यात गेलेला, माझ्या मुलीने तिथेच लागावं ही माझी इच्छा.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिने मला एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. टेसर आणि स्मिथ या संशोधकांनी तो १९८० मध्ये छापला. शब्द ओळखायचा खेळ होता, आणि खेळणाऱ्याने समोरच्याला मदतीसाठी खुणा द्यायच्या, कधी मित्राला, कधी अनोळखी माणसाला. हा नुसता खेळ आहे असं सांगितलं तेव्हा लोकांनी मित्राला सोप्या खुणा दिल्या. यावरून तुमची हुशारी ठरणार असं सांगितलं तेव्हा मात्र मित्रालाच अनोळखी माणसापेक्षा अवघड खुणा मिळाल्या. हे ऐकून मला मोठा धीर आला. जवळचं माणूस आणि आपल्या जिव्हाळ्याचा विषय एकत्र आले की हे होतं. आपण वाईट आहोत असा त्याचा अर्थ काढायची गरज नाही.

म्हणून एकदा शांतपणे बसून विचार करा. मुलांचं शिक्षण, लग्नं, घर, जमीन, तब्येत, बचत गटातलं पद, गावच्या देवळातला मान, यांतली कुठली गोष्ट तुम्हा दोघींनाही हवी आहे? तेवढ्याच ठिकाणी जपून बोलायचं. बाकीच्या ठिकाणी मोकळं राहायचं. उगाच सगळीकडे सावध राहणाऱ्या बाईजवळ मैत्रीण बसत नाही.

बागेचा भाव लपवला तर फायदा कोणाचा?

हे मी सविस्तर लिहिते, कारण आमच्या भागात ते पुन्हा पुन्हा होतं आणि त्यात बायकांचे पैसे जातात.

वरच्या वाडीतलीच्या बागेशेजारी तिच्याच एका जुन्या सोबतिणीची बाग आहे. दोघींची कलमं एका वयाची, मध्ये फक्त गडगा, म्हणजे दगडी कुंपण. मोहोर एकीकडे भरघोस आला आणि दुसरीकडे नुसती पालवी फुटली, की बोलणं आखडायला सुरुवात होते. कल्टार (मोहोर यावा म्हणून कलमाला घालायचं औषध) कधी घातलं, किती घातलं, फवारणीला कुठलं औषध, हे विचारलं की उत्तर येतं, ‘ह्यांना ठाऊक, मी लक्ष घालत नाही.’ कल्टार पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या वयानुसार आणि विस्तारानुसार घालतात, आणि घातल्यावर खतपाणी नीट द्यावं लागतं, नाहीतर झाड थकतं. यात गुपित काहीच नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, कृषी सहायकाला विचारलं तर तो सांगतो. तरीही मैत्रिणी हे एकमेकींपासून लपवतात, कारण विषय झाडाचा राहिलेला नसतो.

खरं नुकसान पुढे होतं. बाग खंडाने, म्हणजे हंगामापुरती ठरावीक रकमेला, घ्यायला व्यापारी येतो. तो एकीला सांगतो, ‘शेजारणीने एवढ्यात दिली.’ दुसरीकडे जाऊन तेच उलटं सांगतो. दोघी एकमेकींना विचारणार नाहीत हे त्याला पक्कं माहीत असतं. दोघींच्या बागा कमी पैशात जातात, आणि वर दोघींनाही वाटत राहतं की दुसरीने जास्त घेतले आणि लपवले.

वरच्या वाडीतलीने यावर एक गोष्ट केली. व्यापारी यायच्या आधी ती गडग्याशी गेली आणि म्हणाली, ‘गो, माझो भाव मी तुका सांगतंय. तुझो सांगूचो की नाय ता तू बघ.’ समोरून लगेच काही आलं नाही. पुढच्या हंगामात मात्र ती स्वतः येऊन बसली. आता दोघी व्यापाऱ्याला एकाच खळ्यात, म्हणजे अंगणात, बोलावतात.

यातून घेण्यासारखं काय? आपला आकडा आधी द्यायचा आणि तिच्याकडून आकडा मागायचा नाही. मागितला की तिला चौकशी वाटते. आणि एक हंगाम वाट बघायची तयारी ठेवायची.

चांगली बातमी सांगायची पद्धत

मुलाचं लग्न ठरलं, घराला पर्यटकांसाठीच्या निवास-न्याहारी योजनेतली मंजुरी मिळाली, मुलीला परदेशी नोकरी लागली. अशी बातमी जिथे दोघींची इच्छा एक आहे तिथली असेल तर ती तिला तुमच्या तोंडून आणि वाडीच्या आधी कळली पाहिजे. स्टेटसवर फोटो टाकायच्या आधी. बचत गटाच्या बैठकीच्या आधी. तिच्या जावेच्या आधी तर नक्कीच.

तिच्या घरी जा. फोन शक्यतो नको, कारण फोनवर तिला लगेच आनंदी आवाज काढावा लागतो. समोर असलात तर ती चहा ठेवायला उठू शकते, चुलीकडे तोंड करून दोन मिनिटं सावरू शकते. तेवढी मिनिटं तिला द्या. मागोमाग स्वयंपाकघरात जाऊ नका.

बातमी पूर्ण सांगा. खोली बांधली असेल तर कर्ज किती काढलं तेही सांगा. जावई मुंबईचा मिळाला असेल तर मुलीला विरारहून रोज लोकलने जावं लागणार हेही सांगा. तिला बरं वाटावं म्हणून आपलं यश लहान करून सांगायचं मात्र नाही. ‘कसली गो नोकरी, असंच आपलं’ असं म्हटलं की तिला ते लगेच कळतं, आणि तिची कीव केल्यासारखं होतं. ‘तुला वाईट तर नाही ना वाटलं?’ हा प्रश्न तर अजिबात विचारू नका. त्याला खरं उत्तर देण्याची सोयच नसते.

फार वेळ बसू नका. निघताना तिच्याकडे एखादं खरं काम मागा. साखरपुड्याला करंज्या करायला ये, पाहुण्यांसाठी खोलीतली व्यवस्था बघून काय कमी आहे ते सांग, असं काहीतरी. मान म्हणून मागू नका. तिला जे तुमच्यापेक्षा चांगलं येतं तेच मागा.

बंदरावरची तिच्या मुलीची बातमी सांगायला माझ्याकडे आली ती तिन्हीसांजेला, भर पावसात. तेव्हा मासेमारी बंदीचे दिवस होते, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे तिला घरी होडीची घाई नव्हती. ती म्हणाली, ‘तुका आधी सांगतंय. तुका खराब वाटतला, म्हायत आसा माका.’ मी म्हटलं, ‘वाटला. पण सांगलंस ता बरा केलंस.’ एवढंच बोलणं झालं. मी दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीला घेऊन बसले आणि रुजू होताना कागद कुठले लागतात, वॉर्डात पहिल्या महिन्यात काय सांभाळायचं, हे सगळं समजावलं.

हेवा तुम्हाला झाला असेल तर

तो स्वतःशी कबूल करा, आणि नेमक्या शब्दांत. ‘ती बदलली’, ‘तिला पैशाचा माज आला’ असं मनात यायला लागलं की थांबून विचारा, तिच्याकडचं मला काय हवं आहे? बहुतेक वेळा उत्तर लहानसं निघतं. तिचा मुलगा दर गणपतीला येतो आणि माझा दोन वर्षं आला नाही. मग बोलायचं आहे ते आपल्या मुलाशी, आणि मैत्रिणीवरचा राग तिथेच निम्मा उतरतो.

तिसरीकडे जाऊन बोलू नका. ही माझी सर्वांत कडक सूचना आहे. हेव्याचं बोलणं तिसरीच्या तोंडून पुढे जाताना त्यातलं दुःख गळून जातं आणि फक्त निंदा पोहोचते. फारच असह्य झालं तर लिहा आणि कागद चुलीत घाला. किंवा अशा बाईशी बोला जिचा तुमच्या गावाशी संबंध नाही.

आणि तिच्या कार्याला जा, लवकर जा. घावणे घालायला, नारळ खवायला, माटवी बांधायला हात लावा. हात कामात असला की तोंडावर आनंद आणावा लागत नाही. काम करता करता तो बहुधा येतो. न आला तरी तुम्ही तिथे होतात हे तिच्या लक्षात राहतं.

गुपित घेण्याआधी बोलून घ्या

नोकरीत मी एक पद्धत पाळली आणि ती मैत्रीतही पाळते. बाई सांगायला लागली की मी मध्येच थांबवून म्हणायचे, ‘हे माझ्याजवळ राहील. पण कोणाच्या जिवावर बेतेल असं असेल तर मी डॉक्टरांना सांगणार, आणि सांगण्याआधी तुला सांगणार.’ यामुळे गप्प झालेली बाई मला आठवत नाही. हद्द कळली की उलट बाया जास्त विश्वासाने बोलतात.

मैत्रिणींमध्ये सर्वांत जास्त घोटाळा नवऱ्यापाशी होतो. तुम्ही मैत्रिणीला सांगता, तिच्या मते नवरा म्हणजे घरचाच, त्याला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. तो बंदरावर किंवा सलूनमध्ये सहज बोलतो. म्हणून सांगतानाच स्पष्ट म्हणा, ‘ह्या तुझ्या घोवाक पण सांगू नको.’ आणि तिला ते जमणार नसेल तर तिने तसं तेव्हाच म्हणावं. तसं म्हणणारी मैत्रीण खरी समजा.

पैशाचं गुपित वेगळं. बचत गटातून कर्ज घेतलंत तर ते गुपित राहणार नाही, राहूही नये. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही गटाची पंचसूत्री आहे, आणि लेखे सगळ्यांसमोर वाचले जातात. मैत्रीण त्याच गटात असेल तर बैठकीच्या आदल्या दिवशी तिला सांगा. सोनं गहाण ठेवलं असेल तर निदान एका माणसाला पावती कुठे आहे ते माहीत असू द्या.

जुनी गुपितं सगळ्यांत नाजूक. बालमैत्रिणीला आपलं सोळाव्या वर्षीचं सगळं माहीत असतं: शाळेच्या वाटेवर थांबणारा मुलगा, लपवलेली चिठ्ठी, एकदा सोडलेलं घर. गौरीच्या रात्री फुगड्या रंगल्या, चाकरमान्यांच्या सुना बसलेल्या आहेत, आणि मैत्रीण हसत हसत तेच काढते. तिला ती गंमत वाटते. पण ज्या बाईने तीस वर्षं घरात मान मिळवला तिला आपल्या सुनेसमोर ते नको असतं. म्हणून नियम असा करा की लग्नाआधीची गोष्ट तिच्या सासरच्या कोणाही समोर काढायची नाही. गोष्ट निरुपद्रवी वाटली तरी नाही, सगळे हसत असले तरी नाही. तिने स्वतः काढली तरच, आणि तीही तिने जेवढी काढली तेवढीच.

तुमच्याजवळ असं काही असेल जे कोणालाच सांगितलेलं नाही, तर एक गोष्ट लक्षात घ्या. कोलंबिया विद्यापीठातले मायकल स्लेपियन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवलं की गुपिताचा जाच चारचौघांत ते लपवताना होतो त्यापेक्षा, मन एकटं असताना पुन्हा पुन्हा तिकडे जातं त्याने जास्त होतो. भांडी घासताना, काजूच्या बिया फोडताना तेच डोक्यात फिरत असेल, तर ते एका योग्य माणसाला सांगायची वेळ आली आहे. ते माणूस जुनी मैत्रीणच असलं पाहिजे असं नाही. जिच्या घराशी त्या गोष्टीचा संबंध येतो तिला मुळीच सांगू नका.

तिघी असतील तर

दोघीच आंगणेवाडीच्या जत्रेला गेलात तर तिसरीला जाण्याआधी कळवा. फोटो बघून कळायला नको. एकीचा निरोप दुसरीला तिसरीकरवी पाठवू नका. आणि दोघींचं भांडण झालं असेल तर तिसरीने मध्यस्थी करू नये, दोघींच्या घरी जाणं तेवढं चालू ठेवावं.

गुपित फुटलं तर

ज्या मैत्रिणीकडून फुटलं तिने पहिली माफी मागण्याआधी एक माहिती द्यायची: मी हे कोणाकोणाला सांगितलं. नावांसकट. दुखावलेल्या बाईला रात्री झोप लागत नाही ती याच विचाराने की आता कोणाला काय माहीत आहे. वाट कळली की तिला कोणाशी कसं बोलायचं ते ठरवता येतं. नुसतं ‘चुकलं गो माझं’ याने तिचं काम होत नाही.

जिचं फुटलं तिने एकच प्रश्न विचारावा, समोर बसून: ‘कित्याक सांगलंस?’ आणि उत्तर संपेपर्यंत थांबावं. मी ऐकलेल्या उत्तरांत द्वेष फार क्वचित होता. कोणी काळजीपोटी सांगितलेलं असतं, कोणी समोरच्याला आपली जवळीक दाखवायला, कोणी हेव्याने. काळजीपोटी झालेलं लवकर मिटवा. हेव्याने झालेलं असेल तर मैत्री ठेवा पण त्या विषयातलं काही तिच्याकडे पुन्हा देऊ नका. आणि तुमचं गुपित जी मुद्दाम भांडणात हत्यार म्हणून काढते, तिच्याशी हळदीकुंकवापुरतं बोलणं पुरेसं आहे. वर्षं जुनी आहेत म्हणून जास्त द्यावं लागत नाही.

जे पोटात ठेवायचं नाही

मैत्रिणीला मारहाण होत असेल, तिच्या बोलण्यात जीव द्यायची भाषा येत असेल, किंवा छातीत गाठ लागली आहे आणि ती कोणाला सांगू नको म्हणते आहे, तर गप्प बसू नका. मारहाणीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे मैत्रीणही माहिती देऊ शकते. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. गाठीसाठी तिला स्वतः दवाखान्यात घेऊन जा. ‘मंदिरात जातो’ असं सांगून निघालात तरी चालेल, पण गाडीत बसवा.

ती रागावेल. काही जणी वर्षभर बोलत नाहीत. तेवढं सोसा.

ती गेल्यावर

हे मला अलीकडे विचारलं जातं, कारण आमच्या वयात मैत्रिणी जायला लागल्या आहेत. तेरावं झालं की मुलगी येऊन विचारते, ‘मावशी, आई तुझ्याजवळ काही बोलली होती का?’

त्या मुलीच्या हक्काचं किंवा तब्येतीचं जे असेल ते सगळं सांगा. गहाण सोन्याची पावती कुठल्या पतसंस्थेतली, आईने सातबाऱ्याबद्दल काय म्हटलं होतं, हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी वकिलाला दाखव, २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा आहे. आईला छातीचा कर्करोग होता आणि तिने तो ‘अशक्तपणा’ म्हणून झाकला असेल तर आजाराचं नाव सांगा, कारण मुलीने स्वतःची तपासणी करून घ्यायला हवी. आईने ते कोणाला सांगू नको म्हटलं असलं तरीही सांगा.

लग्नाआधीच्या चिठ्ठ्यांबद्दल किंवा वडिलांबद्दल आई रागाच्या भरात काय बोलली याबद्दल मुलीने विचारलं, तर ‘ते तिने मला मैत्रीण म्हणून सांगितलं’ एवढं म्हणा. मुलगी रडेल, पुन्हा विचारेल. तिला आईच्या शाळेतल्या दिवसांबद्दल सांगा, ती कशी पोहायची, कुठल्या सरांना घाबरायची, पहिल्यांदा मुंबईला गेली तेव्हा काय घेऊन आली. त्या गोष्टी मुलीला ठाऊक नसतात, आणि त्या सांगायला आता फक्त तुम्हीच आहात.